खिशातला पैसा कुणाच्या गल्ल्यात?

परवा अभ्यासमंडळात मी अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या बाजारहाटाचा विषय काढला. काळ्यानं काळ्याच्या दुकानातनं घ्यायचं. ठरवून घ्यायचं, रोज घ्यायचं. एक दोस्त खो खो हसला. म्हणाला, "तेल-मीठ घेऊन क्रांती होते व्हय? हा दुकानदारी विचार तुझ्याजवळच ठेव."

तेव्हा मी गप्प बसलो. रात्री पाळीवर रिंग खात्यात तुटलेले धागे जोडता जोडता उत्तर सुचत गेलं. ते इथं लिहितो.

दोस्ता, गाव आपल्या वस्तीवर बहिष्कार घालतं तेव्हा पहिलं काय बंद होतं? देऊळ नव्हे, ते बंदच असतं. पहिलं बंद होतं किराणा दुकान. मग पिठाची गिरणी. पोराच्या मुठीत पैसे असतात आणि दुकानदार मीठ देत नाही. जातवाल्यांना बाजाराचं हत्यार पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ज्यांनी ते आयुष्यभर पाठीवर झेललं त्यांनाच त्याचं हसू यावं?

काळ्यांनी हेच हत्यार हिसकावून उलटं धरलं. 1929 ला मंदी आली. कामावरनं आधी कुणाला काढलं हे सांगायला नको. 1930 साली डेट्रॉइट शहरात फॅनी पेक नावाच्या बाईनं 50 बायका गोळा केल्या आणि गृहिणींचा संघ काढला. त्यांच्याजवळ कारखाना नव्हता, बँक नव्हती. घरखर्चाचा पैसा तेवढा हातात होता. त्यांनी शपथ घेतली, हा पैसा काळ्या दुकानदाराकडं जाईल, नाहीतर जो काळ्या पोरांना कामावर घेईल त्याच्याकडं जाईल. नुसती शपथ नव्हे, माल कसा आहे, दुकान स्वच्छ आहे का, तेही त्या बघत. चार वर्षांत त्या 10,000 झाल्या. ह्या भाजी आणणाऱ्या बायका होत्या, पुस्तकी क्रांतिकारक नव्हेत.

त्याच काळात शिकागो, हार्लेम, वॉशिंग्टनमध्ये घोषणा घुमली, जिथं आम्हाला काम नाही तिथं आमची खरेदी नाही. हार्लेमच्या 125 व्या रस्त्यावर एक मोठं दुकान होतं. गिऱ्हाईक काळं, काउंटरमागं मात्र गोरी पोरगी. 1934 च्या उन्हाळ्यात लोकांनी दारात धरणं धरलं आणि मालकाला काळ्या मुली घ्याव्या लागल्या. पुढं वाद झाला की उजळ रंगाच्याच मुली निवडल्या. मालक वाकला तरी खोड जात नाही. वॉशिंग्टनचा झगडा थेट सुप्रीम कोर्टात गेला. 1938 साली कोर्टानं मान्य केलं, रंगाच्या भेदभावाविरुद्ध दुकानापुढं असं धरणं धरता येतं.

गिरणी कामगाराला हे परकं वाटतच नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे! आपण विणलेलं कापड बाटतं, पण आपण विकत घेतलेल्या कापडाचा पैसा बाटत नाही. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपवाल्यांच्याच पुढं टाकला.

आता मेंफिसचं ऐक. 1968 च्या फेब्रुवारीत दोन काळे सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले. 1300 कामगार संपावर गेले. 3 एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्यापुढं बोलायला उभे राहिले. त्या भाषणात त्यांनी पाव, दूध, कोका-कोला यांची नावं घेऊन सांगितलं की ह्या कंपन्यांचा माल घेऊ नका. पैसा काळ्यांच्या बँकेत ठेवा, विमा काळ्यांच्या कंपनीत उतरवा. दुसऱ्या दिवशी त्यांना गोळी घातली. शेवटच्या भाषणात पावाचं नाव घेणाऱ्या माणसाला तू दुकानदार म्हणणार?

पण दोस्ता, तुझ्या हसण्यात एक खरी शंकाही आहे. मालक काळा झाला म्हणून मालकी गोड होते का? नाही होत. 1938 साली मनमाडला बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दुसऱ्याला विसरून पहिल्याशी लढता येत नाही. ज्यांच्या नावावरनं आपण पँथर झालो त्यांनी 1971 साली ओकलंडमध्ये एका काळ्या दुकानदाराच्याच दारात धरणं धरलं. वस्तीच्या जिवावर कमावतोस तर वस्तीच्या कामाला नियमित काही दे, एवढी मागणी होती.

आणि नुसती दुकानं पुरत नाहीत, हे टल्साला कळलं. तिथली ग्रीनवुड ही काळ्यांची भरभराटीची पेठ होती. 1921 साली दोन दिवसांत गोऱ्या जमावानं 35 चौक जाळून टाकले. विम्याचे दावे कंपन्यांनी नाकारले. दुकान आहे पण सत्ता नाही, संघटना नाही, तर ती राख व्हायला एक रात्र पुरते.

ही जुनी गोष्ट नाही. 2020 साली जॉर्ज फ्लॉइडचा खून झाल्यावर मोठमोठ्या कंपन्यांनी काळ्यांना वचनं दिली. जानेवारी 2025 मध्ये टार्गेट कंपनीनं त्यातली बरीच गुंडाळली. अटलांटाजवळच्या पाद्री जमाल ब्रायंट यांनी 40 दिवस तिथल्या खरेदीचा उपास सांगितला. पेच असा पडला की त्याच दुकानाच्या फळीवर काळ्या बायकांच्या धंद्याचाही माल होता. त्यातल्या काही म्हणाल्या, मार आम्हालाच बसतोय. म्हणजे दुकान टाळलं की काम संपत नाही. त्या बाईचा माल सरळ तिच्याकडनं घ्यावा लागतो. लांब पडतं, महागही पडतं. तरी घ्यावा लागतो, आणि फक्त एका महिन्यापुरता नाही.

मी म्हणतो ते एवढंच. खरेदी ही एकट्याची भूतदया नव्हे. ती संपासारखी संघटित पाहिजे, संपासारखी तिच्यात मागणी पाहिजे. मालक कोण, कामाला कोण आणि मजुरी किती, नफा जातो कुठं, हे तीन सवाल गल्ल्यावर टाकता आले पाहिजेत. मालक आपला असला तरी टाकायचे.

येत्या रविवारी अभ्यासमंडळात येताना सगळ्यांनी महिन्याच्या खर्चाची वही आणा. मीही आणतो. माझा पगार कुणाकुणाच्या गल्ल्यात जातो ते मी अजून कधी मोजलेलं नाही. आधी ते मोजू. मग तुला हसायचं तर हस.

जयभीम.