चंबळेच्या वाळवंटात

लष्कराहून निघून मुरैना मागे टाकले की चंबळेचा काठ लागतो. गेल्या हिवाळ्यात काही मुलांना घेऊन आम्ही तेथे नावेतून फिरलो. वाटाड्याने नाव थांबवून वाळवंटाकडे बोट दाखविले. लांब, चिंचोळ्या जबड्याच्या सुसरी ऊन खात पडल्या होत्या. नराच्या नाकावर घड्यासारखा उंचवटा असतो; म्हणून हिंदीत त्यास ‘घडियाल’ म्हणतात. मासे हेच त्यांचे मुख्य अन्न.

१९७०च्या दशकात ही जात नामशेष होऊ लागली, तेव्हा अंडी गोळा करून पिले वाढविण्यात व नदीत सोडण्यात आली. १९७८ साली येथे अभयारण्य झाले. आज जगातील बहुसंख्य सुसरी याच नदीत आहेत.

मादी अंडी घालते ती काठच्या वाळूत. आणि बंदी असूनही तीच वाळू चोरून उपसली जाते. “ती कोणाला लागते?” एका मुलाने विचारले. “घर बांधणाऱ्यांना,” वाटाड्या उत्तरला.

आम्ही गप्प झालो. आमच्या आवाराच्या भिंतीचे काम तेव्हा चालू होते. वाळूचा भाव आम्ही दोनदा विचारला होता. ती कोठून येते, हे एकदाही नाही. वाचकहो, परतल्यावर प्रथम तेच विचारले.