उतरलेला चेहरा काय सांगतो?

आपल्या मराठी भाषेने माणसाच्या अब्रूचा सारा जमाखर्च त्याच्या चेहऱ्यावर मांडून ठेवला आहे. मुलाने नाव काढले की बापाची मान ताठ होते, त्याने दिवे लावले की तीच मान खाली जाते. अपमान झालेल्याचे तोंड उतरते आणि फजिती झालेल्यास तोंड लपवावयास जागा उरत नाही. हे वाक्प्रचार ज्यांनी घडविले त्यांनी माणसांकडे बारकाईने पाहिले होते, यात संशय नाही. तथापि पाहणे निराळे आणि निवाडा करणे निराळे. या दोहोंतला भेद आम्हांस आमच्याच घरात, आमच्याच चुकीने शिकावा लागला. त्याविषयी आज वाचकांशी चार शब्द बोलावे असे मनात आहे.

प्रथम, आमच्या पूर्वजांचे कोठे बरोबर होते ते सांगू. चार्ल्स डार्विन या निसर्गशास्त्रज्ञाने 1872 साली माणसांच्या व प्राण्यांच्या भावना मुद्रेवर कशा प्रकटतात या विषयावर एक ग्रंथ लिहिला. अभिमानी मनुष्य मस्तक व शरीर ताठ ठेवतो आणि लाजलेला मनुष्य नजर चुकवितो, तोंड फिरवितो, त्याचा चेहरा लाल होतो, असे त्याने नमूद केले. पण हे सारे आपण एकमेकांचे पाहून शिकतो की जन्मतःच बरोबर आणतो? या प्रश्नाचा एक सुंदर उलगडा पुढे जेसिका ट्रेसी व डेव्हिड मात्सुमोतो या दोघा मानसशास्त्रज्ञांनी केला. 2004 साली अथेन्स येथे ऑलिंपिक व पॅरालिंपिक सामने झाले. त्यांतील ज्यूदो कुस्तीच्या वेळी घेतलेली छायाचित्रे त्यांनी तपासली. तीसहून अधिक देशांचे ते खेळाडू होते. त्यांत डोळस होते, अंध होते आणि जन्मांधही होते. जिंकलेल्यांनी मस्तक किंचित मागे नेले होते, छाती फुलविली होती, हात उंचावले होते. हरलेल्यांचे खांदे पडले होते आणि छाती आत गेली होती. ज्यांनी जन्मात कोणाचा चेहरा पाहिला नाही, त्या जन्मांध खेळाडूंनीही तेच केले! त्यांचा हा निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाला. याचा अर्थ असा, की मान वर होणे आणि खांदे पडणे ही केवळ लोकरीत नव्हे. ती आपल्या हाडामांसात आहे.

इतके वाचल्यावर कोणासही वाटेल, की मग चेहरा पाहिला म्हणजे माणूस कळला. आम्हांसही तसेच वाटत असे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा पुतण्या शिक्षणासाठी आमच्या घरी राहत होता. वय दहा वर्षांचे. सणाचा आठवडा होता आणि वाण्याचे देणे भागविण्यासाठी फडताळात ठेवलेल्या पैशांतून पाचशेची नोट नाहीशी झाली. संध्याकाळी सारे घर जेवावयास बसले असता आम्ही त्यास सर्वांसमक्ष विचारले. त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि खाली मान घातली. कान लाल झाले, खांदे पडले, तोंडातून शब्द फुटेना. आम्ही म्हणालो, "आता सांगायला कशाला हवे? चेहराच सांगतो आहे!" ताट तसेच टाकून मुलगा उठला. आमच्या मातोश्री तेवढ्या म्हणाल्या, "अरे, पोराचं तोंड काय वाचतोस? त्याला जवळ घेऊन विचार तरी." आम्ही त्यांचे ऐकले नाही.

चौथ्या दिवशी हिशेबाची वही उघडली, तो पानांत नोट! ती आम्हीच तेथे ठेवली होती.

आम्ही मुलास माजघरात एकट्यास बोलाविले, चूक कबूल केली, पाठीवर हात फिरविला. बाहेर आलो तर मातोश्री वाटेतच उभ्या. म्हणाल्या, "चोर म्हणालास तो सगळ्यांच्या पंगतीत, आणि माफी मात्र दार लोटून मागतोस होय?" त्या रात्री जेवताना, साऱ्या घरादेखत, आम्ही दहा वर्षांच्या मुलाची क्षमा मागितली. सोपे गेले असे म्हणणार नाही. घास घशाखाली उतरत नव्हता.

मग तो मुलगा निरपराध असता त्याची मान खाली का गेली? हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस टोचत राहिला. त्याचे उत्तर 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आम्हांस सापडले. काही जणांना सामाईक निधीत पैसे घालण्याचा खेळ खेळावयास दिला आणि नंतर काहींना गटातून वगळण्यात आल्याचे सांगितले. ज्यांनी भरघोस वाटा घातला होता, ज्यांचे काहीच चुकले नव्हते, त्यांनाही वगळले जाताच लाज वाटली. म्हणजे लाज वाटण्यास अपराधच घडावा लागतो असे नाही. आपल्या माणसांच्या नजरेतून आपण उतरलो एवढे जाणवणे पुरेसे होते. आमच्या पुतण्याच्या मुद्रेवर चोरी दिसत नव्हती, आमचाच अविश्वास दिसत होता. आम्ही आरशात पाहून आरशालाच दोष दिला.

खोटे बोलणारा चेहऱ्यावरून ओळखू येतो, या समजुतीचेही तसेच आहे. यासंबंधीचे शेकडो प्रयोग एकत्र करून 2006 साली हिशेब मांडण्यात आला, तेव्हा खरे-खोटे ओळखण्यात लोक शंभरांत सरासरी चौपन्न वेळा बरोबर ठरले. नाणे उडविले असते तरी पन्नास वेळा बरोबर आले असते!

उंच मानेचाही अर्थ असाच फसवा असतो. कष्टाने मिळविलेल्या यशाचा रास्त अभिमान आणि इतरांस तुच्छ लेखणारा ताठा, या दोहोंची मुद्रा एकच असते, असे अभ्यासकांस आढळले आहे. म्हणून शिक्षकांच्या वा सासरच्या मंडळींच्या नजरेस नजर देऊन बोलणाऱ्या मुलीस उद्धट ठरविण्याची घाई करू नये. उलट, आपल्या खेड्यांतून वडिलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणे हा आदर समजला जातो. तेव्हा खाली गेलेली नजर आदराची, भीतीची की लाजेची, हे नुसत्या नजरेवरून कसे ठरावे? शिवाय मुद्रा ही क्षणाची असते आणि आत्मसन्मान हा वर्षानुवर्षे मुरलेला असतो. मॉरिस रोझेनबर्ग या अभ्यासकाने 1965 साली आत्मसन्मान मोजण्यासाठी दहा विधाने तयार केली. ती आजही वापरली जातात. त्यांत चेहरा पाहावयाचा नसतो. ज्याचा त्यास विचारावयाचे असते. आमच्या मातोश्री तरी दुसरे काय सांगत होत्या?

एक गोष्ट मात्र चेहऱ्याने आम्हांस खरी सांगितली. ड्यूशेन नावाच्या फ्रेंच वैद्याने चेहऱ्याच्या स्नायूंस विजेचा सौम्य प्रवाह लावून पाहिले आणि 1862 साली लिहिले, की ओठांचे कोपरे इच्छेनुसार उचलता येतात, परंतु मनापासूनच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो. पुढे असे दिसून आले, की काही जणांस तेही मुद्दाम साधते. परंतु दहा वर्षांच्या मुलास ती कला कोठून येणार? क्षमा मागितल्यानंतरही कित्येक आठवडे आमचा पुतण्या आम्हांस पाहून केवळ ओठांनी हसत असे. फडताळाजवळून जाताना हात पाठीमागे बांधून जात असे. पुढे एके दिवशी आम्ही त्याच्या हाती वाण्याचे पैसे दिले आणि म्हणालो, "मोजू नकोस, बरोबर आहेत. उरलेले फडताळात ठेव." तो परत आला, त्याने पैसे ठेवले आणि आमच्याकडे वळून हसला. त्या दिवशी त्याचे डोळे हसले.

आईबापांनो, मुलाचा चेहरा अवश्य पाहावा. तो उतरला असेल तर काहीतरी दुखते आहे, इतके खास समजावे. पण काय दुखते हे चेहरा सांगत नाही. त्यासाठी मुलास एकीकडे घेऊन, त्याच्या उंचीला येऊन बसून, शांतपणे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. पंगतीत विचारू नये. आणि आपणच चुकलो असे दिसले, तर दोष जेथे दिला तेथेच परत घ्यावा. मान खाली घालावयाची पाळी मग आपली असते. तीही मुलांस दिसू द्यावी.