बांधावरची बाभूळ आणि द्राक्षाचा खोडकिडा

कडवंचीत १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोटाचे काम झाले, पाणी अडले आणि कोरडवाहू रानात द्राक्षाचे मांडव उभे राहिले. आता बऱ्याच बागा जुन्या झाल्या. जुन्या बागेत खोडकिडा घर करतो.

शेतकरी बंधूंनो, हा किडा परका नाही, आपल्या बाभळीवरचाच आहे. लांब मिशांचा हा भुंगा पावसाळा लागला की बाहेर पडतो, कोवळी साल कुरतडतो. मादी खोडाच्या सालीत अंडी घालते. अळी एकदा आत शिरली की कित्येक महिने गाभा पोखरते, पार मुळापर्यंत जाते. बुंध्याशी भुसा दिसेपर्यंत वेल आतून पोकळ झालेला असतो. वेल पिवळा पडला म्हणून आपण खत वाढवतो. वरून कितीही फवारा, लाकडातल्या अळीला ते पोचत नाही.

बाभळी सरसकट तोडा असे नाही, शेळ्यांनी खायचे काय? पोखरलेली तेवढी काढा. याचा एक भाऊबंद तर वाळल्या लाकडातही वाढतो. तेव्हा उपटलेली जुनी खोडे बांधावर रचू नका, पावसाआधी जाळा.

भुंग्याला गट नंबर कळत नाही. एकट्याने बाग राखून भागणार नाही. ग्रामपंचायत अधिकारी, सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांनी पुढाकार घ्यावा. हुमणीचे भुंगे गाव मिळून वेचते, तसे हेही वेचावेत. ओळख पटत नसेल तर भुंगा बाटलीत घालून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.