जुन्या मोटारीचा ब्रेक
अँबॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. तथापि काही कुटुंबांनी ती आजही हौसेने जपली आहे. मागील चाकाच्या ब्रेक-सिलिंडरमधील रबरी कप सहजी मिळेनासा झाला, की ‘हाही चालेल’ म्हणून भलताच कप बसविण्याचा मोह होतो. तो टाळावा. जुना कप फुगलेला असू शकतो. म्हणून माप सिलिंडरच्या आतील व्यासाचे घ्यावे. कपाला पेट्रोल किंवा इंजिनाचे तेल लागू देऊ नये; त्याने रबर फुगते. तो योग्य प्रकारच्या ब्रेक-ऑईलनेच ओला करून बसवावा आणि मग नळीतील हवा पूर्णपणे काढावी. पेडल मऊ लागले, तर मोटार रस्त्यावर नेऊ नये. मोटार सुरू होण्याहून ती वेळेवर थांबणे अधिक अगत्याचे आहे.