मूल वाचताना मागे जाते, जाऊ द्या

‘डोळ्यांना वळण लावा, मूल दुप्पट वेगाने वाचेल’ असे सांगणारी पत्रके परीक्षा जवळ आल्या की आपल्या दारातही येतात. मूल वाचायला बसले की आईला दिसते तेही तसेच असते. ते एका शब्दावर अडते, मागे जाते, पुन्हा तीच ओळ धरते. मग वाटते, याचे डोळेच नीट फिरत नाहीत. आमचे मत स्पष्ट आहे : अशा शिकवण्यांना घामाचा पैसा देऊ नये.

वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही, तो उड्या मारतो. पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत १८७८ च्या सुमारास हे ध्यानात आले. प्रत्येक उडीनंतर डोळा साधारण पाव सेकंद थांबतो आणि आपण वाचतो ते या थांब्यात. उडी चालू असताना अक्षरे दिसतच नाहीत. इंग्रजी वाचणाऱ्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांची मोजणी झाली आहे. एक उडी ७ ते ९ अक्षरांची असते आणि दर १०० उड्यांपैकी १० ते १५ मागे जाणाऱ्या असतात. म्हणजे पक्का वाचणाराही मागे जातोच.

अमेरिकेत २०१४ साली एक प्रयोग झाला. पडद्यावर वाचून झालेला शब्द लगेच झाकून टाकला, म्हणजे मागे वळून पाहण्याची सोयच नाही. वाचणाऱ्यांना मजकूर कमी समजला. वेगवान वाचनाचे वर्ग नेमके हेच मागे जाणे बंद करायला शिकवतात!

कच्चे वाचणारे मूल जास्त थांबते, जास्त मागे जाते, हे खरे. पण ते डोळ्यांमुळे नव्हे, शब्द अनोळखी असल्यामुळे. झोपडपट्टी पुनर्वसनाचा करारनामा हातात घ्या आणि पाहा, आपलेही डोळे पहिलीतल्या मुलासारखे अडखळतात. (तिथे तर मागे जाऊन दोनदा वाचलेच पाहिजे, सही नंतर.) त्याच मुलाला त्याला झेपेल असा सोपा धडा द्या, डोळे बरेच सुरळीत चालतात. डोळ्यांच्या व्यायामाने वाचनातील अक्षमता जाते याला शास्त्रीय आधार नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

नंबर लागणे ही मात्र वेगळी गोष्ट आणि तिथे हयगय नको. मूल पुस्तक नाकाशी धरत असेल, फळा दिसत नाही म्हणत असेल, वाचल्यावर डोके दुखत असेल, तर सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा सरकारी शाळेत येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मा देण्याची सरकारी तरतूद आहे, ती मागून घ्यावी. आणि नजर चांगली, बोलणे हुशारीचे, तरी चौथी-पाचवीतही अक्षरे जुळत नसतील तर मारझोड न करता अध्ययन अक्षमतेची तपासणी करावी. मुंबईत सायनच्या पालिका रुग्णालयात ती होते. प्रमाणपत्र मिळाले तर दहावीला जादा वेळ मिळतो.

बाकी काम शब्दांचे. ओळीखाली बोट धरले तर धरू द्या. विहारातल्या वाचनालयातून सोपी गोष्टींची पुस्तके आणा आणि रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचू द्या. अनोळखी शब्दाचा अर्थ तिथल्या तिथे सांगा. आई-वडिलांना वाचता येत नसले तरी अडत नाही. मुलाने वाचावे, आपण ऐकावे आणि मध्येच विचारावे, ‘मग पुढं काय झालं रे?’ उत्तर आले नाही तर त्याला ते पान पुन्हा वाचू द्यावे.