ही वायर कुणाची?

दोस्तांनो, मुक्ताईनगरचं नाव ऐकलंय ना? पूर्वीचं एदलाबाद. सुरतेहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग इथूनच जातो. त्याचा क्रमांक पूर्वी 6 होता, आता 53 आहे. रावेर-यावलकडच्या केळीनं भरलेले ट्रक या भागात रोजचेच. आज आपण अशाच एखाद्या म्हाताऱ्या ट्रकचं बॉनेट उघडणार आहोत. अर्थात, मिस्तरीकाकांच्या शेजारी उभं राहून!

टाटांच्या टेल्को कंपनीनं 1954 साली जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. त्यांच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असे. 1969 मध्ये करार संपला, ताऱ्याच्या जागी ‘टी’ आला. त्या घराण्यातला एखादा ट्रक कुणी हौसेनं दुरुस्त करायला घेतो आणि इंजिनाशेजारी त्याला एक वायर लोंबताना दिसते. ती कशालाच जोडलेली नाही. आता काय करायचं?

“कापून टाका!” असं म्हणालात ना? थांबा जरा.

इंजिनाकडे जाणाऱ्या सगळ्या वायरी मेथीच्या जुडीसारख्या एकत्र बांधलेल्या असतात. या जुडग्याला म्हणतात हार्नेस. त्यात रिकामी वायर असायची कारणं तीन. पहिलं, कारखाना कधी कधी दोन-तीन मॉडेलांसाठी एकच जुडगा बनवतो, मग एखाद्या गाडीत एखादी वायर बिनकामाची राहते. दुसरं, मधल्या काळात कुणी जुना डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवलेला असतो आणि डायनॅमोच्या वायरी मागे उरतात. तिसरं कारण मात्र धोक्याचं. वायर कामाचीच असते, फक्त ती निसटलेली असते!

समजा, ती ऑइलच्या दिव्याची वायर असेल तर? ऑइलचा दाब कमी झाला की हा दिवा ड्रायव्हरला सावध करतो. वायर निसटली की दिवा कधीच लागत नाही. मे महिन्याच्या उन्हात ऑइल गळून गेलं, तरी ड्रायव्हर निवांत गाडी हाकत राहतो. मग इंजिन जाम, ट्रक रस्त्याच्या कडेला आणि मागे केळी पिकून काळी पडायला लागलेली. एका वायरीपायी शेतकऱ्याची वर्षाची मेहनत वाया!

मग ओळखायची कशी? रंगावरून? इथे तर मोठीच गंमत आहे. जर्मन पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे अर्थ, म्हणजे गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेली. ब्रिटिश पद्धतीत मात्र तपकिरी वायर थेट बॅटरीतून आलेली, सदा जिवंत! काळीचं नेमकं उलटं. ब्रिटिश गाडीत ती अर्थ आणि जर्मन गाडीत किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी. आपल्याकडे लेलँड ब्रिटिश वळणाची, टाटा जर्मन वळणाची. त्यात दहा हातांनी केलेल्या दुरुस्त्या. मिळेल त्या रंगाची वायर जोडायची आणि गाडी पुढे काढायची! म्हणून रंग हा साक्षीदार आहे, पण एकट्या त्याच्या साक्षीवर निकाल द्यायचा नसतो.

जाणते मिस्तरी काय करतात पाहा. आधी ते नुसतं बघतात. वायर जाड आहे की बारीक? जाड असेल तर ती जास्त करंट वाहणारी, बारीक असेल तर एखाद्या दिव्याची किंवा काट्याची. ती जुडग्यातून कुठे बाहेर पडते? सेल्फजवळ, की ऑइल फिल्टरजवळ? टोकाला जुनी क्लिप आहे की कापल्याची खूण?

मग येतो टेस्ट लॅम्प. एक छोटा दिवा, त्याला दोन वायरी. दिवा गाडीच्या व्होल्टचाच हवा, 12 किंवा 24. एक टोक गाडीच्या लोखंडाला, दुसरं त्या अनोळखी वायरीला. किल्ली बंद असतानाही दिवा लागला, तर वायर थेट बॅटरीची. किल्ली फिरवल्यावर लागला, तर किल्लीनंतरची. हेडलाइट लावल्यावरच लागला, तर दिव्यांच्या घरातली. आणि किल्ली फिरवल्यावर टेस्ट लॅम्पबरोबर डॅशबोर्डावरचा ऑइलचा दिवाही मंद उजळला, तर समजायचं, सापडली! दोन्ही दिवे एका माळेत आले म्हणून उजेड वाटला गेला.

दिवा कधीच लागला नाही तर? मग बॅटरी सोडवून, जुडग्याची टेप उलगडत वायर दुसऱ्या टोकापर्यंत शोधायची. खरोखरच बिनकामाची निघाली, तरी उघडं टोक तसंच ठेवायचं नाही. ते हलत्या गाडीत लोखंडाला घासलं आणि वायर जिवंत असली, तर ठिणगी उडते, वायर तापते, आगही लागू शकते. म्हणून टोकाला टेप गुंडाळायची, वायर बांधून ठेवायची आणि चिठ्ठी लावायची. पुढच्या मिस्तरीचे तीन तास वाचतात!

आई-बाबा, एक विनंती. मुलांना हे बघायला जरूर न्या, पण ट्रकच्या बॅटरीला हात लावू देऊ नका. तिथे एखादा कडा किंवा अंगठी दोन टोकांना टेकली, तर क्षणात लालबुंद होते. घरातल्या 230 व्होल्टच्या विजेशी तर खेळ नाहीच.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. एक पेन्सिल सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि एकाच रंगाच्या तीन लांब वायरी घ्या. वायरी दाराखालून दुसऱ्या खोलीत न्या आणि तिन्ही एकत्र बांधून टाका, फक्त टोकं मोकळी ठेवा. इकडच्या टोकांना क, ख, ग अशा चिठ्ठ्या लावा. तिकडे क कोणती, ख कोणती, ग कोणती? तुम्ही एकटेच आहात, ओढून बघायचं नाही आणि दुसऱ्या खोलीत एकदाच जाऊन परत यायचं आहे. जादा वायरीचा एखादा तुकडा वापरायला परवानगी आहे. इशारा देतो : दोन टोकं एकमेकांना जोडायला कुणी मनाई केलेली नाही!

उत्तर पुढच्या अंकात. तोवर घरात कुठली तार, कुठला स्क्रू, कुठली किल्ली “बिनकामाची” म्हणून पडलेली आहे, ते शोधा. आणि टाकण्याआधी विचारा, तू कुणाची रे?