टपालाचा टप्पा

मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठ वाजता पहिल्यांदा मोजायला घेतात ती टपाली मतं. यंत्रांतल्या मतांची पाळी त्यानंतर अर्ध्या तासाने येते. तेवढ्या अर्ध्या तासात, ज्यांनी आयुष्यात एकही पत्र पेटीत टाकलेलं नाही अशी विशीतली मुलंसुद्धा सहज बोलून जातात, 'टपालीत अमका पुढे आहे.' हा शब्द त्यांना कुणी शिकवलेला नसतो. कार्ड जवळपास गेलं, आंतरदेशीयही गेल्यातच जमा, तार तर २०१३च्या जुलैत कायमची बंद झाली. टपाल मात्र बोलण्यात टिकून आहे.

सरकारी कचेरीत 'साहेब टपाल बघतायत' असं शिपायाने सांगितलं की आलेला माणूस बाकावर बसून घेतो. तिथल्या टपालाचा पोस्टाशी संबंध असेलच असं नाही. शेजारच्या इमारतीतून हातोहात आलेला कागदही आवक नोंदवहीत चढला की टपालच होतो. मासिकांच्या वर्गणीखाली 'टपालहशील वेगळे' अशी ओळ असायची. आणि 'उलट टपाली उत्तर यावे' हा जुन्या पत्रांतला शेवट मला अजूनही फार आवडतो. आलेलं टपाल परत फिरेल, त्याच फेरीत माझं उत्तर घाला, एवढी निकड त्या दोन शब्दांत मावते.

माझे वडील रेल्वे टपाल सेवेत होते. रात्रीच्या गाडीच्या डब्यात उभ्याने पत्रं लावत जायचे. घरात त्यामुळे थैली, शिक्का, लाख, बटवडा हे शब्द पीठ-मिठाच्या जोडीने वावरत होते. 'पत्र पोचलं' असं ते म्हणत नसत. 'बटवड्याला लागलं' म्हणत. त्यांच्या दृष्टीने पत्राची हकिगत म्हणजे ते कुठल्या गाडीतून कुठे उतरलं आणि पुढे कुणाच्या हाती गेलं, ही. पत्रात काय लिहिलं आहे हा त्यांचा विषयच नव्हता. या शब्दाच्या मुळाशी जाताना मला त्यांची ही सवय पुन्हा पुन्हा आठवत राहिली.

आधी या शब्दाचा मुलूख पाहू. गुजरातीत टपाल, मराठीत टपाल, कानडीत टपालु, तेलुगूत तपाला, तमिळ आणि मल्याळममध्ये तपाल. विंध्याच्या वर गेलं की तो थांबतो आणि डाक सुरू होते. एवढ्या भाषांनी, त्याही दोन वेगळ्या भाषाकुळांतल्या, एकच शब्द वाटून घ्यावा आणि हिंदीने तो बाजूला ठेवावा, असं सहसा घडत नाही. दक्षिणेतही त्याला जोडीदार आहेतच. कानडी फलकांवर अंचे असतं, हे बेळगावच्या मराठी माणसाला चांगलं ठाऊक आहे. तमिळनाडूत आता सरकारी फलकांवर अंजल लिहितात. त्रावणकोर संस्थानाची स्वतःची टपालव्यवस्था 'अंचल' याच नावाने चाले. पण बोलण्यात तपाल तिथेही उरला आहेच.

हा शब्द आला कुठून, यावर इंग्रजी अमदानीतले पंडित भांडले होते. हेन्री यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली हिंदुस्थानातल्या इंग्रजी बोलीचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा जाडजूड कोश काढला. त्यांनी टपालाचं मूळ अस्पष्ट आहे असं सरळ नोंदवलं आणि दोन मतं पुढे ठेवली. पहिलं चार्ल्स फिलिप ब्राउन यांचं. या माणसाने तेलुगू भाषेसाठी आयुष्य वेचलं. त्यांना टपालामागे फ्रेंच 'एताप' हा शब्द दिसला. एताप म्हणजे कूच करणाऱ्या फौजेचा मुक्काम, मजल. ब्राउन यांनी आणखी एक मजेदार गोष्ट टिपली. तेलुगूत 'लु' हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणून तेलुगू कारकुनांनी 'तप्पालु' हे अनेकवचन समजून त्याचं एकवचन 'तप्पा' करून टाकलं. अठराव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजी कागदांत तप्पा, तप्पी अशी रूपं सापडतात ती त्यामुळे.

दुसरं मत जॉन बीम्स यांचं. त्यांनी आर्य भाषांचं तौलनिक व्याकरण लिहिलं. त्यांच्या मते हा शब्द ठोकण्या-दाबण्याच्या धातूतून आला. 'टप्पा' म्हणजे जिथे पत्रांवर ठसा मारतात ती जागा आणि तिला 'आलय' जोडून टपाल, म्हणजे ठशाचं घर.

बीम्स विद्वान खरे, पण हे मला पटत नाही. कारण याच कोशात नोंदवलेले जुने वापर त्यांच्या विरुद्ध साक्ष देतात. लॉर्ड व्हॅलेन्शिया या प्रवाशाचं १८०९ सालचं पुस्तक आहे. श्रीरंगपट्टणला सबंध वाट आपल्याला टपालाने जाता येईल, असं त्यात तो म्हणतो. कारण पालखीला भोयांच्या दोनच तुकड्या पुरणार होत्या. म्हणजे त्या काळी टपालाने माणूस जात असे! त्याच्यावर ठसा कोण मारणार? तिथे टपालाचा अर्थ एकच निघतो: वाटेवर ठरावीक अंतरांवर ताज्या दमाची माणसं उभी करायची आणि त्यांनी ओझं पुढे न्यायचं. कंपनीचा अधिकारी टॉमस मन्रो १८०० साली कुरकुरतो की टपाल दिवसाला ३० मैलही जात नाही. आणि त्याच्या आदल्याच वर्षी आर्थर वेलस्ली, पुढचा वेलिंग्टनचा ड्यूक, कळवतो की पुण्यापर्यंत टपाल बसवण्याची आशा फार थोडी आहे. पेशवाई अजून उभी होती. आपल्या वाटेवर दुसऱ्याचे टप्पे बसू देणं ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती.

म्हणून मी टप्प्याच्या बाजूचा आहे. तो टप्पा फ्रेंच एतापमधून आला की आपल्याच भूमीतून उगवला, हा निवाडा करायला पुरावा तोकडा आहे. पण टपाल आणि टप्पा एकमेकांना धरून आहेत, हे मराठी कानाला सांगावं लागत नाही. चेंडू टप्पा खातो, काम टप्प्याटप्प्याने होतं, सावज टप्प्यात येतं. आणि हा शब्द सगळ्यात जिवंत आहे तो आपल्या एसटीत. तिचं भाडं टप्प्यावर ठरतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. कंडक्टर टप्पे मोजून पैसे घेतो. एके काळी टपालाचंही असंच होतं. जितकं लांब, तितकं हशील जास्त. १८५४ साली डलहौसीच्या कारकिर्दीत ते मोडलं. पाव तोळा वजनाच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला. त्या वर्षी टपालाच्या किमतीतून टप्पा निघून गेला आणि नावात मात्र राहिला. मला वाटतं, या देशात गरिबाच्या बाजूने झालेल्या मोठ्या गोष्टींत ही एक आहे. मुंबईच्या गिरणीतला माणूस रत्नागिरीच्या आपल्या गावी खुशाली कळवू लागला, तो या एका दराच्या आणि १८७९ साली निघालेल्या पाव आण्याच्या कार्डाच्या जोरावर.

टप्प्याच्या या पद्धतीचं मोल कळायला तिच्याशेजारी दुसरी पद्धत ठेवून पाहावी लागते. मराठी राज्याची भिस्त जासूद, कासीद आणि सांडणीस्वारांवर होती. जासुदांची जोडी निघे, म्हणजे वाटेत एकाचं बरंवाईट झालं तरी दुसरा पोचेल. पत्र ज्याच्या कमरेला तोच शेवटपर्यंत जाई. घाट उतरे, नदीचा उतार शोधे, चौक्या चुकवी. मालकाचा विश्वास त्या एका माणसावर असे.

पानिपतची बातमी अशाच एका कासिदाने आणली. लढाई १४ जानेवारी १७६१ची. ग्रँट डफने लिहिलं आहे की सावकारांचा एक कासीद पानिपतहून औरंगाबादला नऊ दिवसांत पोचायच्या बोलीवर निघाला होता. वाटेत तो उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या छावणीत सापडला. त्याच्याजवळची चिठ्ठी फोडली गेली. मोती, मोहरा आणि रुपये-खुर्द्याच्या सावकारी भाषेत तिच्यात काय लिहिलं होतं, हे मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मला त्या कासिदाचा विचार सोडत नाही. त्याचं नाव इतिहासात नाही. आपण काय घेऊन धावतो आहोत हे त्याला ठाऊक होतं का? पानिपतहून निघालेल्या माणसाला ते ठाऊक असणारच, असं मला वाटतं. पत्र न वाचताही तो सगळं डोळ्यांत घेऊन आला असेल.

टपालाचा धावणारा वेगळा. त्याला फक्त आपल्या टप्प्यापुरतं धावायचं असतं. चौदाव्या शतकात इब्न बतूताने मुहम्मद तुघलकाच्या राज्यातली ही व्यवस्था पाहून बारकाईने लिहून ठेवली. घोड्यांची डाक वेगळी आणि पायी माणसांची वेगळी, आणि पायी माणसं घोड्यांहून लवकर पोचत. मैलाच्या तीन भागांत तीन ठाणी. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात काठी, काठीच्या टोकाला तांब्याच्या घंटा. तो सगळा जोर लावून पळतो. घंटा ऐकल्या की पुढच्या ठाण्यावरचा माणूस सज्ज होतो, पत्र घेतो आणि सुटतो. सिंधहून दिल्लीची वाट पन्नास दिवसांची, बातमी पाच दिवसांत पोचे. सुलतान आपल्या दौलताबादेत असला की त्याच्या पिण्याचं गंगेचं पाणीही याच माणसांच्या हातून येई, चाळीस दिवसांच्या वाटेवरून. दौलताबादचा किल्ला चढताना हौस म्हणून तोफा आणि खंदक आपण पाहतो. त्या पाण्याच्या वाटेवर धावलेल्या पायांची आठवण सांगणारं तिथे कुणी नसतं. पुढे इंग्रजी अमलातही रनरच्या भाल्याला घुंगरं होतीच. जंगलातल्या वाटेवर ती जनावरालाही सावध करीत.

इब्न बतूता या पायी टपालाला 'दावा' म्हणतो. अभ्यासकांनी त्याचं नातं आपल्या 'धाव'शी जोडलं आहे. डाक म्हणजे मुळात माणसांची किंवा घोड्यांची बदली लावून केलेली वाहतूक. ती मराठीलाही परकी नाही. डाकबंगला आपल्याकडे आहेच, आणि प्रवाशांच्या बदलीच्या मुक्कामावर तो उभा राहिला. 'पोस्ट'ही तसंच. लॅटिन-इटालियनमधला 'पोस्ता' म्हणजे वाटेवर घोडे ठेवलेली जागा. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले हे शब्द आणि तिघांतही पत्र नाही, अक्षर नाही, बोलणं नाही. वाट आहे, आणि वाटेवर थांबलेला माणूस आहे. माझ्या वडिलांना पत्रातल्या मजकुराशी देणंघेणं नव्हतं ते उगीच नव्हतं. त्यांच्या धंद्याचं नावच त्यांना तसं सांगत होतं. वर कोण आहे, खाली कोण आहे, मजकूर सुखाचा की दुःखाचा, हे न विचारता आपल्या टप्प्यापुरतं ते नीट पुढे द्यायचं. अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांसाठी इतकी प्रामाणिक साखळी धरून ठेवावी, याहून मोठा सामाजिक विश्वास मला दुसरीकडे फारसा दिसत नाही.

पत्त्याखाली आपण जो पिनकोड लिहितो त्यातही हेच टप्पे आहेत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला, आणि त्यामागे एक मराठी माणूस होता: श्रीराम भिकाजी वेलणकर. कोकणातले, संस्कृतचे मोठे पंडित आणि कवी, आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. एकाच नावाची गावं देशभर, पत्ते अनेक लिप्यांत, हस्ताक्षरं कशीही. वेलणकरांनी सहा अंकांत वाट बांधून दिली. पहिला अंक विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसाठी तो ४. दुसरा उपविभागाचा, तिसरा पत्रं लावण्याच्या जिल्ह्याचा, आणि शेवटचे तीन बटवडा करणाऱ्या कार्यालयाचे. ४११ दिसलं की पुणे, ४०३ दिसलं की गोवा. कुठलीही लिपी न वाचता पत्र पुढच्या हाती देता येतं. आज मोबाइलवरून जेवण मागवणारी मुलं हेच सहा अंक टाकतात, आणि वेलणकरांचं नाव त्यांच्या पाठ्यपुस्तकात असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

अलीकडे आपल्याकडच्या फलकांवर, जाहिरातींत आणि बातम्यांत टपाल मागे पडत चाललं आहे. टपाल जीवन विम्याचा डाक जीवन विमा झाला, तक्रारींच्या सुनावणीला डाक अदालत म्हणतात, खेड्यातल्या सेवकाला डाक सेवक. डाकेशी माझं भांडण नाही. ती या शब्दाची सख्खी बहीण आहे. पण केंद्राच्या कार्यालयांत मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत फलक लावायचे असतात. हिंदीच्या ओळीत डाक आहेच. मराठीच्या ओळीतही तोच शब्द उतरवला की ती ओळ असून नसल्यासारखी होते, आणि गुजरातपासून केरळापर्यंत आपल्याला बांधून ठेवणारा एक धागा आपण आपल्याच हाताने सोडतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक फलकावर, अर्जावर आणि पावतीवर मराठीच्या ओळीत 'टपाल' असावं, एवढी लेखी मागणी मी या महिन्यात करणार आहे. ज्या वाचकांना पटेल त्यांनी आपापल्या गावच्या टपाल कार्यालयात जाऊन तशीच करावी.